संस्कृत-लॅटिन चालू आहे, मग शब्दसंग्रहाचा वेगळा तास हवाच का?

आधी पत्र, थोडं कापून:

"नमस्कार ताई, आम्ही दोन्ही मुलांना घरीच शिकवतो. मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ८ ची. मुलगा तीन वर्षं संस्कृत करतोय आणि मागच्या वर्षी स्वतःच हट्ट धरून लॅटिन पण सुरू केलंय. मुलगी सध्या नुसती सुभाषितं म्हणते आणि दादाचं चाललेलं ऐकते. प्रश्न असा की मराठी आणि इंग्रजीचा शब्दसंग्रह वाढवायला वेगळी वर्कबुकं लावायची का? जाऊबाईंची मुलगी शाळेत जाते, तिला दर आठवड्याला २० शब्द, अर्थ, समानार्थी, विरुद्धार्थी आणि शुक्रवारी टेस्ट, ते बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. ह्यांचं म्हणणं असं की संस्कृत आलं की मराठी आपोआप येतं, लॅटिन आलं की इंग्रजी आपोआप येतं, उगाच आणखी एक पुस्तक कशाला. खरं काय मानायचं? आणि एक राहिलं, मुलगा विचारतोय की संस्कृतमध्ये राग म्हणजे प्रेम, मग मराठीत राग म्हणजे राग कसा काय? मला उत्तर देता आलं नाही. — दोन मुलांची आई"

वर्कबुक घेऊ नका. पण हे लगेच जाऊन ह्यांना सांगू नका हं, कारण तुमचे हे जे 'आपोआप' म्हणतायत ना, तिथेच गाडी घसरतेय, आणि माझं बरंचसं उत्तर त्या एका शब्दाबद्दलच आहे.

वर्कबुकबद्दल आधी सांगून टाकते कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे. माझा भाचा आमच्याकडे राहून शिकत होता तेव्हा मी पण घाबरून असंच एक पुस्तक आणलं होतं, आठवड्याला २० शब्द, समोर अर्थ, खाली जोड्या लावा. जोड्या तो फटाफट लावायचा, वीसपैकी वीस. एकदा यादीत विपुल होता, विपुल म्हणजे खूप. त्याच रात्री जेवणं झाल्यावर जांभई देत मला म्हणतो, मावशी, मला विपुल झोप आलीये. मी हसून हसून बेजार झाले पण नंतर वाटलं, ह्यात त्याची काय चूक, पुस्तकाने त्याला विपुल म्हणजे खूप एवढंच सांगितलं होतं, विपुल लेखन असतं, विपुल साहित्य असतं, पण झोप विपुल नसते, झोप गाढ असते नाहीतर अनावर असते, हे पुस्तकाने कुठे सांगितलं होतं? शब्द कोणाच्या शेजारी बसतो हे यादीत कळतच नाही. आणि महिन्याभराने विचारलं तर त्या वीसमधले चार आठवत होते, त्यात एक विपुल, तो पण आम्ही हसलो म्हणून.

हर्मान एबिंगहाउस नावाचे एक जर्मन संशोधक होते, त्यांनी स्वतःवरच प्रयोग करून माणूस किती लवकर विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. पाठ करायला त्यांनी मुद्दाम अर्थ नसलेली अक्षरं घेतली होती, म्हणजे आधीच्या ओळखीची मदत व्हायला नको. मला नेहमी वाटतं की वर्कबुकातले ते वीस शब्द मुलाच्या दृष्टीने जवळजवळ तसेच असतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, कुठल्या गोष्टीत भेटलेले नाहीत, आणि शुक्रवारी टेस्ट झाली की गेले.

आता तुमच्या मुलाकडे काय आहे बघा. त्याला संस्कृतचा हृ धातू माहीत असणार, हृ म्हणजे नेणं, हरण करणं. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे तर त्याने श्लोकातच पाठ केलं असेल, उपसर्ग लागला की धातूचा अर्थ कुठच्या कुठे जातो ते दाखवायला तीच उदाहरणं देतात. पण त्याला सांगा की व्यवहार पण तिथलाच, वि आणि अव असे दोन उपसर्ग लागलेत, आणि उदाहरण पण तिथलंच, उद् आणि आ. उपहार, अपहरण, अध्याहार... संस्कृतचे उपसर्ग सगळे मिळून २२ आणि नेहमी लागणारे धातू म्हणाल तर शंभरेक असतील नसतील, पण त्यांच्या जोड्यांमधून निघणारे शब्द मोजायला बसलात तर दमाल. एकट्या कृ चे बघा, आकार, विकार, प्रकार, उपकार, अपकार, अधिकार, संस्कार, सत्कार, तिरस्कार, पुरस्कार, आविष्कार, आणि अजून मी थांबलेली नाहीये. ज्या पोराच्या हातात ही किल्ली आहे त्याला समानार्थी शब्दांच्या जोड्या लावायला बसवणं म्हणजे पोहता येणाऱ्याला टबात बसवण्यासारखं आहे.

पण (आणि इथे ह्यांना बोलवा) किल्ली हातात असली तरी कुलपाला कोणीतरी लावावी लागते.

त्याच भाच्याची गोष्ट. एका दुपारी वहीत दोन रकाने केले होते, डावीकडे संस्कृत, उजवीकडे मराठी. हस्त हात, कर्ण कान, पर्ण पान, सर्प साप, सप्त सात, घर्म घाम. मी विचारलं काय झालंय सांग बघू, तर म्हणाला जोडाक्षर मोडलंय आणि त्याच्या आधीचा अ लांब झालाय. अगदी बरोबर, त्याच्या वयाला ह्याहून चांगलं कोण सांगणार. म्हटलं मग वर्ण चं काय होईल? "वान... वाण. पण असा शब्दच नाहीये." मी गप्प बसले. तो पेन्सिल चावत बसला, आणि एकदम ओरडला, "थांब थांब, ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला!" ही म्हण तो लहानपणापासून ऐकत होता आणि इतकी वर्षं त्याला वाटत होतं की वाण म्हणजे काहीतरी रोग असणार, गुरांना होणारा, एकाचा दुसऱ्याला लागतो तसा. वाण म्हणजे रंग, एकाचा रंग दुसऱ्याला लागला नाही पण सवयी लागल्या, हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि लगेच पुढचं त्याचं त्यानेच काढलं की मग ढवळ्या म्हणजे धवल, पांढरा बैल!

ह्यात मला काय टोचलं सांगू? वर्ण शब्द त्याला संस्कृतमध्ये तीन वर्षं येत होता. म्हण त्याच्याही आधीपासून येत होती. दोन्ही एकाच डोक्यात, पण एकाच वाड्यात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या बिऱ्हाडांसारखे. मी विचारलं नसतं तर अजूनही बोलले नसते. ह्याला म्हणतात आपोआप न होणं.

हे नुसतं माझ्या घरचं निरीक्षण नाहीये. लॅटिन शिकलं की डोकं तल्लख होतं, बाकीच्या भाषा सोप्या जातात, असं युरोपात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जात होतं. २००३ मध्ये लुडविग हाग आणि एल्सबेथ श्टेर्न ह्या दोघांनी जर्मनीतला एक अभ्यास छापला, स्पॅनिश शिकणारे विद्यार्थी घेतले, काहींनी शाळेत लॅटिन केलेलं, काहींनी फ्रेंच. स्पॅनिश ही लॅटिनचीच मुलगी, म्हणजे लॅटिनवाले पुढे जायला हवेत ना? उलट फ्रेंचवाल्यांच्या व्याकरणाच्या चुका कमी निघाल्या. म्हणजे लॅटिन वाया गेलं असं नाही, पण एका भाषेतलं ज्ञान दुसऱ्या भाषेत स्वतःच्या पायाने चालत जातं हा समज काही खरा नाही. पलीकडे न्यायला कोणीतरी लागतं.

आणि न्यायला लागलात की लॅटिनमध्ये काय मजा आहे! इंग्रजी डिक्शनरीतले निम्म्याहून जास्त शब्द लॅटिनमधून आलेत, काही थेट, बरेचसे फ्रेंचच्या वाटेने. तुमच्या मुलाला फेरो हे क्रियापद पाठ करताना वैताग आला असेल, फेरो, फेरे, तुली, लातुस, एकाच क्रियापदाची चार रूपं आणि चारातली दोन भलतीच. कशाला पाठ करायचं असं तो म्हणाला असेलच, तर त्याला ट्रान्सफर आणि ट्रान्सलेट हे दोन शब्द शेजारी लिहून द्या. दोन्ही त्याच क्रियापदाचे! ट्रान्सफरमध्ये फेरे आहे आणि ट्रान्सलेटमध्ये लातुस, दोन्हीकडे पलीकडे नेणं एवढंच आहे, एकीकडे माणसाला किंवा पैशाला नेलं आणि दुसरीकडे अर्थाला. तसेच रेफर आणि रिलेट. आणि आता तो संस्कृतवाला आहे म्हणून त्याला आणखी एक द्या, हा फेरो म्हणजे आपला भृ, भार वाहणं त्यातला. ट्रान्सफरमधला फर आणि आपला भार सख्खे चुलतभाऊ. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे हेच तर सांगितलं होतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्यांच्यात इतकं साम्य आहे की त्या एकाच मुळातून निघालेल्या असणार. अग्नी आणि इग्निस, म्हणजे गाडीचं इग्निशन. दंत आणि देन्स, म्हणजे डेंटिस्ट. जानु आणि गेनु, दोन्ही गुडघा. १२ वर्षांच्या मुलाला हे डिटेक्टिव्हचं काम वाटतं, अभ्यास वाटत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी, कारण ह्या वयात मुलांना चटक लागते आणि मग दिसेल त्या शब्दाची फोड करत सुटतात. लॅटिनमध्ये मानुस म्हणजे हात. माणूस नाही, हात! आवाज सारखा म्हणून नातं लावायचं नाही. (सगळे इंग्रजी शब्द संस्कृतमधून आलेत असे जे फॉरवर्ड फिरतात ते अशाच पद्धतीने तयार होतात, तुमच्या घरी पण एखादे काका पाठवत असतीलच.) उपसर्गांचं पण तेच. इन म्हणजे नाही असं शिकवलं की मूल इनफ्लेमेबलचा अर्थ न जळणारं असा लावणार, आणि तो डबा नेमका पेटणारा असतो, कारण तिथला इन नाही ह्या अर्थाचा नाहीच. आपला वि बघा, विफलमध्ये फळ नाही, पण विज्ञानमध्ये ज्ञान नाही असं थोडंच आहे. आणि अनुभवाची फोड कोणी अन् अधिक उभव अशी केली तर रागावू नका, हसा आणि अनु आणि भव करून दाखवा.

दुसरा सापळा ह्याहून मोठा आहे, आणि तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं मूळ पण तिथेच आहे. मूळ कळलं म्हणजे आजचा अर्थ कळला असं होत नाही. शिक्षा संस्कृतात शिकणं, मराठीत शिक्षा झाली तर कोपऱ्यात उभं राहायचं. चेष्टा तिकडे हालचाल, प्रयत्न, इकडे थट्टा. प्रवास तिकडे घर सोडून परक्या ठिकाणी राहणं, इकडे नुसता जाण्यायेण्याचा. साहस तिकडे बऱ्याचदा आततायीपणा, इकडे बक्षीस मिळतं. मृग म्हणजे आधी कुठलाही रानातला प्राणी, म्हणून तर सिंह मृगेंद्र, नाहीतर हरणांचा राजा सिंह कसा होईल? इंग्रजीत पण हेच चालतं. इग्रीजियस हा शब्द लॅटिनमध्ये कळपाच्या बाहेरचा, म्हणजे उठून दिसणारा, उत्तम असा होता, आज इंग्रजीत इग्रीजियस चूक म्हणजे अक्षम्य चूक. नाइस चं मूळ लॅटिन नेस्कियुस, न जाणणारा, अडाणी. मॅन्युफॅक्चर म्हणजे हाताने केलेलं (तोच तो मानुस) आणि आज मॅन्युफॅक्चरिंग म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते मशीन. म्हणून मूळ सांगितलं की लगेच आज तो शब्द कुठे आणि कसा वापरतात ते पण सांगायचं, एकाच दमात. नुसत्या मुळावर पोसलेली मुलं कशी बोलतात ते मी बघितलंय, फार जड आणि थोडं चुकीचं.

आता तुमचे हे दुसरीकडे कुठे चुकतायत ते सांगते. संस्कृत आलं की मराठी येतं म्हणे. अहो, डोकं, डोळा, पोट, हाड, झाड, दगड, झोप, हे कुठल्या संस्कृतमधून आणणार? व्याकरणाच्या पुस्तकात देशी शब्द म्हणून जी यादी असते ती हीच. कायदा, वकील, अर्ज, हजर, जमीन हे अरबी-फारसीतून आले, पगार आणि चावी पोर्तुगीजांकडून. संस्कृत तुम्हाला निद्रा देईल, सुषुप्ती देईल, पण डुलकी, पेंग, झापड, गुंगी, साखरझोप, डोळा लागणं, हे काही देणार नाही. माझ्या भाच्याला विपुल झोप आली कारण त्याला पेंग माहीतच नव्हती! वर्कबुकात पेंग नसते ना, तिथे सगळे सोवळ्यातले शब्द. आणि नुसतं संस्कृत करणाऱ्या मुलांचं मराठी पुष्कळदा असंच होतं, भाषण छान देतात, पण सुतारकाम करायला बसले की हातातल्या वस्तूला काय म्हणतात ते माहीत नाही. रंधा, पटाशी, गिरमिट हे शब्द मुलाला सुताराच्या शेजारी बसून मिळतात.

हा माल येतो वाचनातून आणि माणसांच्या बोलण्यातून. घरी शिकणाऱ्या मुलांकडे वेळ असतो ही तुमची खरी श्रीमंती आहे, तो वेळ जोड्या लावण्यात घालवू नका. रोज मोठ्याने वाचून दाखवा, १२ वर्षांच्या मुलाला पण, वाचता येतं म्हणून वाचून दाखवणं थांबवू नका, कारण मोठ्याने वाचलं की तो त्याच्या वाचायच्या पातळीच्या वरचं ऐकतो. कथा वाचा, प्रवासवर्णन वाचा, यंत्र कसं चालतं ते वाचा, खेळाची बातमी वाचा, कारण प्रत्येक विषयाचे शब्द वेगळे असतात आणि एकाच प्रकारची पन्नास पुस्तकं वाचून तेच शब्द पन्नासदा भेटतात. आणि म्हातारी माणसं बोलत असताना मुलांना तिथून उठवून अभ्यासाला पाठवू नका, तो पण अभ्यासच आहे.

रोजचं म्हणाल तर मी एवढंच करते. एक वही, प्रत्येक पानाच्या मध्यभागी एक धातू नाहीतर एक लॅटिन शब्द, बाजूला मोकळी जागा. वाचताना त्या घरातला शब्द भेटला की त्या पानावर जायचा, पण एकटा नाही, ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट. यादी करून पानं भरायची नाहीत, भेटेल तेव्हा लिहायचा, मग एखादं पान सहा महिने तीन शब्दांवर थांबलेलं राहिलं तरी राहू दे. हृ चं पान माझ्या भाच्याचं दोन वर्षांत मागच्या बाजूला पण गेलं होतं आणि एक पान होतं ज्याच्यावर शेवटपर्यंत एकच शब्द राहिला, त्याला त्या पानाची कीव यायची. दिवसाला पाच-दहा मिनिटं, तीही अभ्यास म्हणून वेगळी नाहीत, जेवताना, गाडीत, कुठेही. आणि मूळ न सापडणारे शब्द, पेंग आणि झापड वगैरे, त्यांच्यासाठी वहीच्या मागून उलटी सुरुवात करायची, ती पानं आमच्याकडे जास्त भरली.

एका गोष्टीसाठी मात्र पाठांतर लागतंच, आणि इथे मी अजिबात ऐकून घेणार नाही. संस्कृत आणि लॅटिनचे स्वतःचे शब्द. बऱ्याच आयांचा इथे गोंधळ होतो, शब्दसंग्रहाचा वेगळा तास नको म्हटलं की त्या संस्कृतचे शब्द पाठ करून घेणं पण सोडतात, मग मूल प्रत्येक ओळीला कोश उघडतं आणि दोन महिन्यांत भाषेला कंटाळतं. जुन्या काळी संस्कृतच्या विद्यार्थ्याला अमरकोश तोंडपाठ करायला लावायचे ते उगाच नाही, तीन कांडं, दीड हजाराच्या आसपास श्लोक, आणि त्याचं मूळ नावच नामलिंगानुशासन, म्हणजे शब्द आणि त्याचं लिंग बरोबरच शिकायचं. का, तर पत्नी ह्या अर्थाचे तीन शब्द घ्या, भार्या स्त्रीलिंगी, कलत्र नपुंसकलिंगी आणि दार चक्क पुल्लिंगी, आणि तोही अनेकवचनातच चालतो! हे तर्काने कोणाला येणार आहे? लॅटिनमध्ये पण तेच, त्याने शिकलेले उस वाले बहुतेक शब्द पुल्लिंगी असतील, आणि आपला मानुस मात्र स्त्रीलिंगी. तेव्हा रोज पाच-सात शब्द, लिंगासकट, क्रियापद असेल तर चारही रूपांसकट, मोठ्याने, दुसऱ्या दिवशी परत, आठवड्याने परत. सगळा अमरकोश करायला लावू नका (त्याला आवडला तर अडवू पण नका), जो पाठ चालू आहे त्याच्यातले शब्द पुरेत.

शब्दसंग्रह कमी पडतोय का हे बघायला टेस्ट नको. वर्तमानपत्रातला एखादा अग्रलेख त्याला वाचायला द्या आणि स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. दोन-चार शब्दांना अडला तर काही नाही, ते वहीत जातील. पण प्रत्येक ओळीला थांबत असेल, किंवा सांगताना ते हे आपलं तसलं काहीतरी असंच चालू असेल तर त्याचं वाचन कमी पडतंय, वर्कबुकाने ते भरून निघणार नाही. फक्त पुढेमागे कुठल्या परीक्षेला बसवायचं असेल आणि तिथे समानार्थी-विरुद्धार्थीचेच प्रश्न येत असतील तर आधीचे दोन महिने तशा प्रश्नांचा सराव करून घ्या, कारण तो प्रश्न सोडवणं ही वेगळी कला आहे, खो-खो येणाऱ्याला कबड्डीचे नियम सांगावे लागतात तसं.

धाकटीला ह्यातलं काहीच नको. ८ वर्षांच्या मुलीला धातू आणि उपसर्ग नकोत, गोष्टी हव्यात, भरपूर हव्यात. ती दादाचं ऐकतेय ना, मग एक दिवस तीच मध्ये तोंड घालून विचारेल, तेव्हा सांगा. सुभाषितं म्हणतेय ते छानच, फक्त अर्थ पाठ करून घेऊ नका, अर्थ आधी तिला तिच्या शब्दांत सांगू दे, चुकीचा सांगितला तरी ऐकून घ्या, फार करमणूक होते.

जाऊबाईंच्या मुलीचं म्हणाल तर तिच्या २० शब्दांनी तुमच्या पोटात गोळा यायचं कारण नाही, आणि तिला नावं पण ठेवू नका. शाळेत एका वर्गात चाळीस मुलं असतात, प्रत्येकाशी बसून वाण आणि वर्ण करायला बाईंना वेळ कुठून मिळणार, त्या बिचाऱ्या यादी देतात. सुट्टीत ती तुमच्याकडे आली की तिची यादी मागून घ्या आणि तुमच्या मुलाला म्हणा ह्यातल्या कुठल्या शब्दांचं घर तुला माहीत आहे ते शोध. दोघांचंही काम होईल.

राहिला राग. त्याला सांगा की धातू आहे रञ्ज्, रंगणं, रंगवणं. त्याच्यातून रंग, रक्त, रंजन, अनुराग, विरागी, आणि राग. संस्कृतात राग म्हणजे आधी रंग, त्यातही लाली, मग मन ज्या गोष्टीत रंगतं ती ओढ, म्हणून प्रेम. इथवर सांगा आणि थांबा. मराठीतल्या रागापर्यंतची उरलेली वाट त्याला स्वतःला शोधू दे, फारच अडला तर एवढंच विचारा, की माणसाचा चेहरा लाल कधी कधी होतो रे? आणि काय म्हणाला ते मला नक्की कळवा.